न सापडलेल्या कणांचं गणित

शिरपूर म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला काय आठवतं? कॉलेजं, सूतगिरणी, फार तर पाणी अडवण्याचा 'शिरपूर पॅटर्न'. धुळ्याहून इंदूरकडे निघालं की वाटेत लागणारं गाव, बस. पण याच शिरपुरात ५ जुलै १९४९ रोजी जन्मलेल्या एका माणसानं आइनस्टाइनची समीकरणं नव्यानं लिहून दाखवली, हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग मोबाईलकडे बघतात. त्यांचं नाव अभय अष्टेकर. जळगाव-धुळ्याच्या पोरांना शाळेत हे नाव कुणी सांगत नाही. असो.

या विकांताला मी गौरवलेख लिहायला बसलेलो नाही. मला जरा भांडायचंय. हल्ली विज्ञानाची आवड असलेल्या मित्रमंडळींत एक वाक्य फॅशनमध्ये आहे : "सुपरसिमेट्री फ्लॉप गेली, पन्नास वर्षांचं गणित पाण्यात." हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. कण सापडले नाहीत हे शंभर टक्के खरं. गणित पाण्यात गेलं हे साफ खोटं. आणि या दोन गोष्टींतला फरक कळायला पीएचडी लागत नाही, थोडी चिकाटी लागते. चहा घेऊन बसा.

सुरुवात 'गेज' या शब्दापासून. समजा प्रत्येक गावाचं माप वेगळं आहे. (पूर्वी असायचंच. शेर, पायली, मण गावोगाव बदलायचे.) जळगावचा शेर वेगळा, धुळ्याचा वेगळा, मालेगावचा आणि चाळीसगावचाही वेगळा. दोन गावांमधल्या रस्त्यावर एक पाटी : 'इकडचा एक शेर म्हणजे तिकडचे सव्वा शेर.' उद्या धुळेकरांनी आपला शेर बदलला तर काय होईल? धुळ्याला येणाऱ्या-जाणाऱ्या रस्त्यांवरच्या पाट्या बदलाव्या लागतील. बाकी कुणाचं काही बिघडणार नाही. ज्वारी तेवढीच.

आता एक फेरी मारा. जळगावहून धुळे, धुळ्याहून मालेगाव, तिथून चाळीसगाव आणि परत जळगाव. वाटेतल्या पाट्यांवरचे आकडे एकमेकांशी गुणत जा. घरी आल्यावर उत्तर बरोब्बर १ आलं, तर पाट्या म्हणजे नुसता नावांचा खेळ होता. पण १.१ आलं तर? तर तिथं खरोखर काहीतरी आहे. कुठल्याही गावानं आपला शेर कितीही बदलला तरी ते १.१ जात नाही, कारण प्रत्येक गाव फेरीत एकदा येताना लागतं आणि एकदा जाताना, आणि बदल आपसांत कटतो. हेच गेज सिद्धान्ताचं मर्म. माप निवडायचं स्वातंत्र्य म्हणजे गेज सममिती, पाट्या म्हणजे गेज क्षेत्र, आणि फेरीअंती उरलेला फरक म्हणजे प्रत्यक्ष जाणवणारं बल. वीज आणि चुंबकत्व या साच्यात बसतात. पाट्यांवर आकड्यांऐवजी मॅट्रिक्स लिहिले, म्हणजे गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, की झाला १९५४ सालचा यांग-मिल्स सिद्धान्त. अणुकेंद्रातली बलं त्याच भाषेत लिहिली जातात.

यात गुरुत्वाकर्षण मात्र फटकून होतं. आइनस्टाइनच्या सिद्धान्ताचं क्वांटम रूप करायला बसलेले लोक 'अंतर' ही मूळ राशी धरायचे. दोन बिंदूंमधलं अंतर किती, ते वेळेबरोबर कसं बदलतं, वगैरे. त्यातून निघणारी समीकरणं भयंकर. छेदात काहीतरी, वर्गमुळात काहीतरी. अनेक वर्षं गाडी तिथंच अडली होती. अष्टेकरांनी १९८६ साली काय केलं, तर अंतराऐवजी 'पाट्या' मूळ राशी म्हणून घेतल्या. एका बिंदूवरून शेजारच्या बिंदूवर जाताना फिरकीची दिशा कशी वळते, हे सांगणाऱ्या पाट्या. आणि ती सगळी वाकडी समीकरणं साध्या बहुपदी होऊन समोर उभी राहिली! इतकंच नाही, तर गुरुत्वाकर्षणाचा साचा एसयू(२) यांग-मिल्स सिद्धान्ताच्या साच्यासारखाच दिसायला लागला.

आपल्या भाषेत सांगायचं तर नवं फीचर एकही नाही, निव्वळ रिफॅक्टरिंग. विश्व तेच, भाकितं तीच. पण ज्यानं कधी दुसऱ्याचा दहा वर्षं जुना कोड सांभाळलाय त्याला रिफॅक्टरिंगची किंमत सांगायला नको. (फुकट काहीच मिळत नाही म्हणा. अष्टेकरांच्या राशी संमिश्र संख्यांतल्या होत्या, आणि त्यातून वास्तव विश्व परत मिळवायला वेगळ्या अटी घालाव्या लागायच्या. १९९५ साली बार्बेरोनं वास्तव संख्या वापरून दाखवल्या, तेव्हा समीकरणांचा थोडा साधेपणा गमवावा लागला.) दोनच वर्षांनी, १९८८ साली, टेड जेकबसननं दाखवलं की सुपरसिमेट्री घातलेलं गुरुत्वाकर्षण, म्हणजे सुपरग्रॅव्हिटीसुद्धा, याच राशींत लिहिता येतं.

आता ही सुपरसिमेट्री काय भानगड आहे? निसर्गात दोन जातींचे कण. बोसॉन गर्दीप्रिय, एकाच अवस्थेत कितीही मावतात. फर्मिऑन एकलकोंडे, एका अवस्थेत एकच. सुपरसिमेट्री म्हणते की प्रत्येक बोसॉनाला फर्मिऑन जोडीदार आहे आणि उलट. १९७०च्या दशकात ही कल्पना आकाराला आली. त्यातली गंमत अशी की ही अदलाबदल ठरावीक रीतीनं लागोपाठ दोनदा केली की कण मूळ जातीत परत येतो, पण जागेवरून किंवा काळात जरासा सरकलेला असतो. म्हणजे ही सममिती थेट अवकाश-काळाशी जोडलेली आहे.

ही जोडी गणिताला का आवडते ते समजायला एक समोसा घ्या. कोपरे ४, कडा ६, बाजू ४. कोपरे वजा कडा अधिक बाजू : ४ - ६ + ४ = २. आता काडेपेटी : ८ - १२ + ६ = २. काडेपेटीच्या एका बाजूवर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारा. कड एक वाढली, बाजूही एक वाढली, एक वजा, एक अधिक, उत्तर २ ते २च. मेदूवड्यावर नीट रेघा मारून हाच हिशोब केलात तर ० येतं, कारण त्याला भोक आहे. हा ऑयलरचा जुना आकडा. रेघा कशाही मारा, तो हलत नाही. त्याला फक्त आकार कळतो.

सुपरसिमेट्रीत नेमकं हेच घडतं. बोसॉन अवस्था अधिक, फर्मिऑन अवस्था वजा. ज्यांची ऊर्जा शून्य नाही अशा सगळ्या अवस्था जोडीनंच येतात आणि जमाखर्चात कटतात. उरतात फक्त शून्य ऊर्जेच्या. सिद्धान्तातली बलं कमी-जास्त करा, कण जड-हलके करा, अवस्था शून्यावरून उठतील तर जोडीनं, बसतील तर जोडीनं. बाकी शिल्लक तीच. १९८२ साली एडवर्ड विटननं हा आकडा नीट मांडला. एखाद्या आकारावर फिरणारा सुपरसिमेट्रिक कण घेतला, तर ही शिल्लक म्हणजे चक्क त्या आकाराचा ऑयलर आकडाच निघते. याचा व्यवहारातला फायदा असा की जिथं गणित सोपं आहे तिथं उत्तर काढायचं, आणि जिथं ते अशक्य आहे तिथं तेच बिनधास्त वापरायचं.

१९९४ साली नेथन सायबर्ग आणि विटन यांनी या पद्धतीनं जे केलं ते माझ्या मते गेल्या शतकातल्या सर्वांत देखण्या कामांपैकी एक. त्यांनी दुप्पट सुपरसिमेट्री असलेला एसयू(२) गेज सिद्धान्त घेतला आणि त्याचं कमी ऊर्जेचं वागणं अचूक सोडवलं. अंदाजे नाही, अचूक. खऱ्या जगातले क्वार्क एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की नेहमीची, लहान दुरुस्त्या मिळवत जायची पद्धत तिथं कोलमडते. या दोघांचं उत्तर काय, तर पुन्हा मेदूवडा! सिद्धान्ताच्या प्रत्येक निर्वात अवस्थेला एक इलिप्टिक कर्व्ह, म्हणजे एक वडा. वड्यावर दोन प्रकारच्या फेऱ्या मारता येतात, एक भोकाच्या कडेनं गोल, दुसरी भोकातून जाऊन बाहेरून परत येणारी. एका फेरीचा हिशोब केला की विद्युतभारित कणांचं वस्तुमान मिळतं, दुसरीचा केला की चुंबकीय एकध्रुवांचं. दोन ठिकाणी वडा चिमटला जातो, एक फेरी आखडून शून्य होते, आणि तिथं एखादा चुंबकी कण वजनरहित होतो. तिथं विद्युत कणांच्या भाषेत अशक्य असलेला प्रश्न चुंबकी कणांच्या भाषेत सोपा होतो. म्हणजे परत तेच. मूळ राशी कुठली धरायची तेवढं बदललं.

याच कामातून क्वार्क सुटे का सापडत नाहीत, याचं एक स्पष्ट उदाहरणही मिळालं. सुपरसिमेट्री थोडी मोडली की हे एकध्रुव निर्वातात साठतात आणि विद्युतभाराला बांधून टाकतात. आपल्या जगातल्या यांग-मिल्स सिद्धान्तासाठी अशी सिद्धता अजून कुणाकडेच नाही. २००० साली क्ले संस्थेनं तशाच एका प्रश्नावर दहा लाख डॉलर लावलेत, ते अजून तसेच पडून आहेत. सुटणारा चुलतभाऊ आधी सोडवून बघणं ही यात पळवाट कशी काय?

आणि मग त्याच वर्षी गणितवाल्यांकडे भूकंप झाला. चार मितींच्या आकारांचं वर्गीकरण हा विषय सायमन डोनाल्डसननं १९८०च्या दशकात यांग-मिल्स समीकरणं वापरून उलटापालटा केला होता, त्यासाठी १९८६ साली त्याला फील्ड्स पदकही मिळालं. पण ती यंत्रणा महाकठीण. विटननं सुचवलं की त्याऐवजी ही नवी, एकध्रुवांची समीकरणं वापरा. ज्यासाठी पानंच्या पानं लागायची ते काही पानांत व्हायला लागलं, आणि रेने थॉमच्या नावानं ओळखलं जाणारं जुनं अनुमान १९९४मध्येच सिद्ध झालं. आता मला सांगा, ते सिद्ध झालेलं प्रमेय कुठल्या कणाच्या सापडण्यावर अवलंबून आहे?

हे सगळं परदेशातलं, असं म्हणणार असाल तर जरा मुंबईत या. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी १९६५ साली एक प्रमेय प्रसिद्ध केलं. आपल्या पाट्यांच्या भाषेत सांगतो. भोकं असलेला एक पृष्ठभाग घ्या आणि पाट्या अशा लावा की लहानशा फेरीत काहीही फरक पडत नाही, फरक पडतो तो फक्त भोकाला वळसा घालून आलं तरच. अशा पाट्या किती प्रकारांनी लावता येतील? दुसरीकडे बीजभूमितीतल्या लोकांची एक वेगळीच यादी होती, 'स्थिर' बंडलांची, जिचा फेऱ्याबिऱ्यांशी वरकरणी काही संबंध नव्हता. प्रमेय म्हणतं, या दोन्ही याद्या मुळात एकच. १९६५ साली यात भौतिकशास्त्र कुणाच्या गावीही नव्हतं. १९८३ साली मायकेल अतिया आणि राउल बॉट यांनी ते यांग-मिल्सच्या चष्म्यातून मांडलं, त्याच वर्षी डोनाल्डसननं त्याच मार्गानं नवी सिद्धता दिली. १९८७ साली हिचिननं ते पुढे नेलं आणि २००६ साली कापुस्तिन आणि विटन यांनी चौपट सुपरसिमेट्रीचा गेज सिद्धान्त वापरून ते संख्याशास्त्राच्या... थांबा, संख्याशास्त्र म्हणजे स्टॅटिस्टिक्स नव्हे, अंकसिद्धान्त... तर अंकसिद्धान्तातून आलेल्या लँग्लंड्स कार्यक्रमाच्या भौमितिक रूपाशी जोडलं. कुलाब्याहून निघालेली वाट अशी फिरून सुपरसिमेट्रीपाशी पोचली. शेषाद्री २०२० साली गेले, नरसिंहन २०२१ साली. टीव्हीवर बातमी पाहिल्याचं तुम्हाला आठवतं का? मलाही नाही.

आता समोरच्या पक्षाची बाजू, कारण ती बरीचशी खरी आहे. सर्नच्या एलएचसी यंत्रात २०१० पासून टकरी सुरू आहेत. २०१२ साली हिग्ज सापडला. सुपरसिमेट्रीचा एकही जोडीदार कण सापडलेला नाही. ग्लुऑनचा जोडीदार ग्लुइनो असलाच तर, सोप्या गृहीतकांखाली, दोन टीईव्हीहून जड असला पाहिजे, म्हणजे प्रोटॉनच्या दोन हजार पटींच्या वर. ज्या मंडळींनी 'यंत्र सुरू होऊ द्या, सापडलंच समजा' असा सूर लावला होता त्यांना आज टोमणे बसत असतील तर ते रास्त आहेत. सुंदर समीकरण आहे म्हणून निसर्गानं ते पाळावं अशी सक्ती नाही. अष्टेकरांच्या राशींतून निघालेलं लूप क्वांटम गुरुत्व आणि स्ट्रिंगवाल्यांची सुपरसिमेट्री, या दोन घराण्यांत विस्तव जात नाही म्हणतात, पण प्रयोगाचा शिक्का अजून दोघांकडेही नाही.

माझं म्हणणं एवढंच, की 'निसर्गात हे आहे का' आणि 'हे खरं आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर यंत्र देईल. दुसऱ्याचं उत्तर कागदावर मिळालेलं आहे आणि ते परत घेता येत नाही.

हा वाद माझ्यासाठी नुसता कट्ट्यावरचा नाही. माझी मामेबहीण धुळ्याला बीएस्सी झाली, गणितात. तिला जळगावला विद्यापीठात एमएस्सी करायचंय. मामांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्यांना वाटतं तिनं पुण्यात येऊन टेस्टिंगचा कोर्स करावा, मग मी कुठंतरी 'चिकटवून' द्यावं. ते चिडले की अहिराणीवर येतात. "हाई शिकीसन काय व्हई, भाऊ?" हे शिकून होणार काय?

अशा वेळी आपण सुशिक्षित लोक एक ठरलेलं उत्तर देतो. वेब सर्नमध्ये जन्मलं, जीपीएसला सापेक्षता लागते, म्हणून मूलभूत संशोधन करा. मला हे उत्तर आवडत नाही. ते खोटं नाही, पण लबाड आहे. नरसिंहन-शेषाद्री प्रमेयातून कुठलं अ‍ॅप निघालं नाही आणि निघेल म्हणून ते कुणी केलंही नव्हतं. उपयोगाच्या वहीत नाव घालून गणिताला आत घेतलं की उपयोग दिसला नाही त्या दिवशी त्याला बाहेर काढायला आपणच मोकळे होतो. आज सुपरसिमेट्रीचं नेमकं तेच चाललंय. मामांना मी म्हटलं, नोकरीची खात्री मी देत नाही. पण ती ज्या गोष्टी शिकेल त्या माझ्या पंधरा वर्षांत मोडीत निघणाऱ्या फ्रेमवर्कांसारख्या नसतील. मामा म्हणाले, "आणि पगार?" प्रश्न वाजवी आहे. पोरीला भुलवून गणिताकडे न्यावं आणि पोट कसं भरायचं ते मात्र तिनं बघावं, हे मलाही पटत नाही.

म्हणून पाटणची गोष्ट सांगतो. चाळीसगावपासून अठरा-एक किलोमीटरवर, गौताळ्याच्या जंगलालगत पाटणादेवी. आपण तिथं पावसाळ्यात धबधबा बघायला आणि भरीत-भाकरी खायला जातो. तिथं एक शिलालेख आहे, शके ११२८चा, म्हणजे इसवीसन १२०७च्या सुमाराचा. डॉ. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचं मूळ गाव कोणतं यावर विद्वानांत भांडणं आहेत, त्यात मी पडत नाही, पण शिलालेखातला मजकूर सरळ आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेव आणि हेमाडिदेव या सरदारांनी त्याला देणग्या दिल्या.

खानदेशात भास्कराचार्यांच्या नावाचा अभिमान उदंड आहे, हार-तुरे दरवर्षी होतात. मला मात्र त्या दगडात सगळ्यात भारी वाटतो तो हिशोबाचा भाग. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा कर मठाला. तेलाच्या घाण्यावरचा वाटा मठाला. म्हणजे बीजगणित शिकवणाऱ्याच्या घरी दिवा कशावर जळणार, हे नुसतं आशीर्वादावर सोडलेलं नव्हतं. (चांगदेवाची स्वतःची नोकरी पत्रिका-पंचांगाची. दिवसा मी जीएसटीच्या इनव्हॉइसचे बग सोडवतो आणि विकांताला मेदूवडे, त्यामुळे मला तो माणूस जवळचा वाटतो.) आणि शिलालेखाचा वरचा भाग संस्कृतात असला तरी हा देण्याघेण्याचा तपशील जुन्या मराठीत आहे. माझा आपला अंदाज, ज्या व्यापाऱ्याकडून आणि ज्या तेल्याकडून हे यायचं होतं त्यांना ते नीट कळावं म्हणून.

एमएस्सीचा फॉर्म भरून झालाय. मामांचा होकार अजून नाही. येत्या सुट्टीत त्यांना पाटणला न्यायचा विचार आहे, ती घाण्याच्या तेलाची ओळ दाखवायला. डबा मामी देणार आहेत.